टिकल्या-फुल्यांची कॅलेंडरं समीक्षाच्या नावे

मी, ज्योत्स्ना कैलास ढोले, वय ४४, धंदा शिवणकाम, राहणार रोहणा, ता. आर्वी, जि. वर्धा, कोणाच्याही दडपणाशिवाय, पूर्ण शुद्धीत हे मृत्युपत्र लिहून ठेवते. माझ्या शुद्धीची या घरात पूर्वी बरीच चर्चा झाली आहे. म्हणून हा मजकूर एकदा पाळीआधीच्या आठवड्यात लिहिला, एकदा पाळीनंतर. दोन्ही वेळा तोच निघाला. मरायची घाई नाही. सहा वर्षांपूर्वी होती. तेव्हाची चिठ्ठी मी स्वतः चुलीत घातली.

१. माझ्या नावचं घर मुलगी समीक्षा आणि मुलगा अंकित यांना निम्मं-निम्मं. समोरची खोली समीक्षाची. लग्नानंतरही ती येऊन दार लावून बसली, तर "काऊन आली?" असं कोणी विचारू नये.

२. शिलाई मशीन आणि दोन्ही कात्र्या शेजारच्या आचलला. हात साफ आहे, काजं मात्र घाईत करते.

३. बारा वर्षांची कॅलेंडरं समीक्षाला. ती रद्दी नाही. हातून शिवण बिघडून उसवावी लागली की मी त्या तारखेवर फुली मारायचे. सासूबाई यशोदाबाई माझ्या पाळीच्या तारखेला कुंकवाची टिकली लावायच्या, चार दिवस मी देवघराला शिवू नये म्हणून. दर महिन्याला आठ-दहा दिवस मी भांडायचे, रडायचे, जगू नये वाटायचं. पाळी सुरू झाली की गाणं म्हणत मशीन चालवायचे. घरच्यांनी ठरवलं, अमावस्येची बाधा. तीन वर्षं लिंबं उतरवली, बाबाकडे नेलं. शेवटी वर्ध्याच्या डॉक्टरबाईंनी दोन महिन्यांची नोंद मागितली. मी बारा वर्षांची नेली. फुल्या अमावस्येला नव्हत्याच, दर वेळी टिकलीच्या आधीच्या आठवड्यात होत्या. "याला पीएमडीडी म्हणतात. हा पाळीआधी येणारा आजार आहे, तुमचा स्वभाव नाही," त्या म्हणाल्या. मी तिथेच रडले, सुटल्यासारखी. आता औषध चालू आहे आणि फुल्या कमी आहेत.

४. समीक्षाला सतराव्या वर्षापासून तेच होतंय. तिला लिंबू उतरवू नये, डॉक्टरकडे न्यावं. घरापेक्षा हे कलम मोठं समजावं.

५. बाबाला माफी नाही. कैलासना आहे, नेलं त्यांनीच, पण परतताना दर वेळी आर्वीला थांबून मला भजी खाऊ घातली. सासूबाईंना माझ्या पाटल्या ठेवणार होते, आणि साक्षीची सहीही त्यांचीच घेणार होते. वकील म्हणाले, साक्षीदाराला काही ठेवू नये, दोन्हीपैकी एक ठरवा. मी सासूबाईंनाच विचारलं. त्या जुनं कॅलेंडर मांडीवर घेऊन बसल्या होत्या.

"टिकल्या मीच लावल्या, अन् मलेच दिसलं नाई व माय. पाटल्या नको मले. पोरीसाठी मी सही करतो."

सबब त्यांना या मृत्युपत्रात काहीही ठेवलेलं नाही.

ठिकाण : रोहणा
दिनांक : ९ जानेवारी २०२५
लिहून ठेवणार : ज्योत्स्ना कैलास ढोले

आमच्यासमोर सही केली :
१. यशोदाबाई लक्ष्मणराव ढोले, सासू
२. मुकेश बंडूजी राऊत, शेजारी