मेणसिनकाई बोळ आणि विहिरीची जागा

सोलापूर,
१० जानेवारी १९७४

चि. अण्णारावास अक्काचे आशीर्वाद.

आम्ही सगळे बरे आहोत. गड्ड्याची यात्रा तोंडावर आलीय, घरात चुना लावणं चाललंय, म्हणून उत्तराला उशीर.

तुझं पत्र अप्पांना मोठ्यानं वाचून दाखवलं. हजार वर्षांमागं होड्यांतून लुटायला आलेले व्हायकिंग तुझ्या यॉर्कात घरं बांधून राहिले, आणि तिथल्या रस्त्यांच्या नावात अजून त्यांचं 'गेट' आहे, म्हणजे दरवाजा नव्हे, रस्ता! अप्पा लई खूश. म्हणाले, "मग तुमचा आज्जा काय कमी होता व्हय?" खरंच की. आज्जा अक्कलकोटकडून मिरचीची पोती घेऊन आला आणि कानडीत 'मेणसिनकाई' ओरडत कोपऱ्यावर बसला. मिरची गेली, आज्जा गेला, बोळ मात्र मेणसिनकाईचाच. आता कुणा पुढाऱ्याच्या नावाची पाटी ठोकलीय, पण टांगेवाल्याला ते नाव सांगून बघ, भलतीकडंच उतरवेल.

अव्वा भाकरी थापत ऐकत होती. मधेच म्हणाली, "त्या होडीवाल्यांच्या आयांना कुणी कळवलं का गं, पोरं येत न्हाईत म्हणून?"

मी म्हटलं, भाकरी करपतेय.

चार पानं लिहिलीस, बाबा. येण्याबद्दल एक ओळ नाही. तिथं घर घेतल्याचं तेवढं समासात, आडवं. मला तुझा राग आलाय, आणि आठवणही येते. दोन्ही खरंच.

आता कामाचं. दुष्काळात विहीर आटली ती आटलीच. चन्नवीर पाणाड्याला वळसंगच्या शेतात नेलं. तळहातावर नारळ आडवा धरून तो सगळं रान फिरला, आणि शेवटी बांधाकडेला नारळ उभा राहिला, म्हणजे पाणी तिथं. आपल्यात माणसाला पुरतात, आणि त्याच बांधाच्या आज्जा-आज्जीच्या समाध्यांपुढं अप्पांनी कुणाची जागा कुठली ते कधीच ठरवून ठेवलंय. आधी त्यांची, मग अव्वाची, मग तुझी. नारळ तुझ्या जागेवर उभा राहिला.

आपल्या गड्यानं, गुंडानं, कुदळ उचलली होती. अप्पांनी त्याचा हात धरला. "त्येला इचारल्याबिगर न्हाई."

ज्वारी वाळत चाललीय, रे. अप्पा रोज बांधावर जाऊन बसतात आणि तसेच परत येतात. पाणी लागलं तर लोक 'अण्णारावची विहीर' म्हणतील, तुझंही नाव राहील. हे मी त्यांच्यापुढं बोलले नाही.

जागा ठेवायची की खणायची, एवढंच कळव. या खेपेला व्हायकिंग नकोत.

खणा म्हणालास तरी तुझीच,
गुरम्माक्का