किल्ला देऊन घरी आलेला शिपाई

प्रिय बाबा,

आज भाऊबीज. इराचा किल्ला मोडला, आणि तुम्हाला सांगितल्याशिवाय राहवेना.

या दिवाळीला तुम्ही इथे, श्टुटगार्टला येणार होता ना? व्हिसाही आला होता. पण डॉक्टरांनी गड चढायला मनाई केलेली असताना तुम्ही गेलातच! "किल्लेदार किल्ला सोडत नाही," असं आईला ऐकवून. अर्ध्या वाटेवरून लोकांनी तुम्हाला खाली आणलं, तोवर सगळं संपलं होतं.

मग तुमच्या नातीनं एकटीनंच किल्ला केला, इमारतीच्या मागच्या अंगणात. माती तळमजल्यावरच्या फ्राऊ केलर आजींनी दिली. हळीव इथेही मिळतो, काय दाट उगवला होता!

शेवटच्या दिवशी आपण सुतळी बॉम्ब लावून किल्ला उडवायचो, आठवतं? इथे फटाके फक्त नववर्षाला. आता काय करायचं? तर केलर आजी म्हणाल्या, "आल्झो, मग शत्रूला देऊन टाकू या किल्ला! आमच्या घराण्यात ते झालेलंच आहे."

त्यांचा एक पूर्वज डचांच्या नोकरीत, लंकेतल्या किल्ल्यावर शिपाई होता. युरोपात फ्रेंच क्रांतीची युद्धं पेटली आणि तिकडे इंग्रजांनी त्या किल्ल्याला वेढा घातला. किल्लेदारानं दरवाजा उघडून किल्ला दिला. शिपाई कैद झाले, आणि बऱ्याच वर्षांनी सुटून हा एक जहाजानं युरोपात आला, तिथून चालत आपल्या गावी पोचला. लग्न केलं, सफरचंदाची झाडं लावली.

"ते हट्टाला पेटले असते तर मी नसते," आजी एप्रनला हात पुसत सहज म्हणाल्या.

बाबा, मी थक्क झाले! कुठली लंका, कुठला तो दरवाजा! कुणीतरी तो उघडला म्हणून ही बाई माझ्यासमोर उभी होती, नखांत चिखल घेऊन. मी त्यांच्याकडे बघतच राहिले.

इरानं सगळे मावळे एकेक करून दरवाजातून बाहेर काढले. हो, आपले मावळे! रागावू नका. मग तिनं विचारलं, "उंड आजोबा? वारूम इस्ट एर निश्ट राउसगेकोमेन?" आजोबा का नाही आले बाहेर?

सांगा, काय सांगू तिला? तुमच्या हिमतीचा अभिमान मला आहेच. पण एकदा, फक्त एकदा माघार घ्यायची होती हो! आज इराशेजारी चिखलात बसला असतात.

मी तुमचीच मुलगी, हट्टी. पण माझ्या डॉक्टरांनी 'थांब' म्हटलं, की मी अर्ध्या वाटेवरून माघारी फिरेन. लोक हसले तरी चालेल. इरा दार उघडेल तेव्हा मी दारात असेन. हे वचन.

तुमची,
मंजू