रकाना नववा : ब्रेक

३ नोव्हेंबर, सकाळी ९

ठरलं म्हणजे ठरलं. २८ आणि २९ला मुलगी आणि मी, दोन सायकली, आणि डोंगरावरचं ते छोटं गाव. गावाच्या वरच्या टोकापासून खाली तळ्यापर्यंत पाच किलोमीटर कच्ची वाट आहे, सगळा उतार. १ डिसेंबरला ती नोकरीसाठी परदेशी चालली आहे, दोन वर्षं. जाण्याआधी तिला एवढंच हवंय.

ही ट्रिप याआधी तीनदा ठरली आणि तीनदा रद्द झाली. त्यात माझा काडीचाही दोष नव्हता. एकदा पाठ, एकदा साहेब, एकदा आठवत नाही. काल फोनवर म्हणाली, बाबा, नाही जमलं तरी चालेल, मला सवय आहे. अगदी शांतपणे म्हणाली. भांडली असती तर बरं वाटलं असतं.

उद्यापासून पहाटे पाचला सराव.

४ नोव्हेंबर

गजर पाचचा. उठलो सात वीसला. शरीराला एक दिवसाची नोटीस द्यावी लागते.

सरावाऐवजी नियोजन केलं. सव्वीस वर्षं लिफ्ट तपासनीस आहे, नियोजन रक्तात आहे. आमच्या खात्यात प्रत्येक लिफ्टचं एक पत्रक असतं, अठरा रकान्यांचं. पद्धत अशी की खाली चहा घेतानाच सगळ्या रकान्यांत टिक करायची, आणि मग वर मशीनरूममध्ये जायचं. वर हाताला ग्रीस लागतं, कागद खराब होतो. कधी वर जायला वेळ मिळाला नाही, तरी कागद पूर्ण असतो. एवढ्या वर्षांत माझी एकही लिफ्ट पडलेली नाही. एक अडकली होती, आत साहेबांच्या सासूबाई होत्या, पण तो विजेचा दोष.

ट्रिपचंही तसंच पत्रक केलं. अठरा रकाने. सवयीने ब्रेक नवव्या रकान्यात आला. सगळीकडे टिक करून फ्रिजवर लावलं. निम्मं काम झालं.

८ नोव्हेंबर, रविवार

तळघरातून दोन्ही सायकली काढल्या. नऊ वर्षं हात लागला नव्हता. सायकली दणकट आहेत, धूळच काय ती.

आज पहिला सराव. एकूण अंतर दोन किलोमीटर, वेळ चाळीस मिनिटं, त्यात दूध आणणं धरून. पुलाच्या चढावर उतरून हातात धरून नेली, कारण चढावर माणसाने आजूबाजूला बघावं. ही म्हणाली, पाय का थरथरतायत. मी म्हटलं, स्नायू जागे होतायत.

१२ नोव्हेंबर

मेहुणा आला. हा इसम दर रविवारी पन्नास किलोमीटर सायकल मारतो आणि त्याबद्दल सांगण्यात सोमवार घालवतो. न विचारता तळघरात गेला. वर येऊन म्हणाला, भावोजी, चारही ब्रेकचे रबर वाळून दगड झालेत, ते बदला. त्या वाटेवर सुटी खडी आहे आणि तिसऱ्या वळणावर कठडा नाही.

मी म्हटलं, ब्रेक हा माझा धंदा आहे. तो फ्रिजवरचा कागद बघत म्हणाला, नवव्या रकान्यात टिक आहे ना, मग झालंच. त्याचं हे असं बोलणं मला आवडत नाही.

१५ नोव्हेंबर

मुलीचा फोन. विचारलं, सायकलींचं सगळं झालं का. मी म्हटलं, झालं. ब्रेक? झाले. तुम्ही स्वतः बघितले? मी म्हटलं, म्हणजे काय, मी नाही तर कोण बघणार.

मग हसली, म्हणाली, यावेळी खरंच जातोय तर आपण. किती दिवसांनी हसली असेल. फोन ठेवल्यावर बराच वेळ तिथेच बसून होतो.

तसं खोटं काही बोललो नाही. १७ला रबर बदलले की १५चं बोलणं खरंच होतं.

१७ नोव्हेंबर

सायकलवाल्याचं दुकान बंद. पाटी होती, येतोच. वीस मिनिटं थांबलो, तो आलाच नाही.

टिक खोडावी का, असा विचार मनात आला. पण खाडाखोड झालेलं पत्रक आमच्याकडे बाद धरतात.

२१ नोव्हेंबर

सायकलवाला भेटला. नमुना म्हणून माझीच सायकल नेली होती. त्याने ब्रेक दाबला, तो थेट मुठीला टेकला. मी म्हटलं, हाताला मऊ आहे. तो माझ्याकडे जरा जास्तच वेळ बघत राहिला. म्हणाला, या मापाचे रबर मागवावे लागतील, आठ दिवस. आठ दिवस म्हणजे २९. मी म्हटलं, बघतो.

घरी आणून तळघरात ठेवली. मुलीच्या सायकलचा ब्रेक दाबून बघणार होतो. मग नाही दाबला. दाबला की कळणार.

२४ नोव्हेंबर

ऑफिसात तीन पत्रकं भरली, तिन्हीत नवव्या रकान्यापाशी पेन अडखळलं. पेन बदललं.

दुपारी ताप मोजला. नव्याण्णवला थोडा कमी. हिला म्हटलं, अशा अंगाने डोंगरावर जाणं बरं नव्हे, मुलीला कळवून टाक. ही भाजी निवडत होती, मान वर न करता म्हणाली, तिन्ही वेळा मीच कळवलं, आता तुम्ही कळवा.

फोन हातात घेतला. ठेवला. संध्याकाळी ताप आपोआप उतरला.

२७ नोव्हेंबर

मुलगी आली. नेहमीप्रमाणे लिफ्ट न घेता जिन्याने, पाठीवर ती एवढी बॅग घेऊन पाच मजले. फिटनेस माझ्यावर गेला आहे.

फ्रिजसमोर उभी राहून तिने पत्रक वाचलं, एकेक रकाना. मग म्हणाली, सायकली जरा चालवून बघते, आणि एकेक करून दोन्ही घेऊन गेली. तीन तासांनी आली, हात काळे. मी विचारलं, कशा आहेत. म्हणाली, तुम्ही बघितल्यात ना. आणि माझ्याकडे बघत राहिली. त्याच वेळी मला पाणी प्यावंसं वाटलं.

उद्या सांगेन. बसमध्ये निवांत असतो माणूस.

२८ नोव्हेंबर, सकाळी ८, बसमध्ये

सायकली टपावर. ती शेजारी झोपली आहे, डोकं माझ्या खांद्यावर. झोपलेल्या माणसाला काय सांगणार.

२८ नोव्हेंबर, दुपारी ४

जमेल तसं लिहितो.

वरच्या टोकाला पोचलो. वाट मी समजत होतो त्याहून अरुंद. तिने हेल्मेटचा पट्टा आवळला, एक पाय पेडलवर ठेवला, म्हणाली, निघू? मी मान हलवली. माझी मान हलली हे मला नंतर कळलं. ती निघाली. पाच हात, दहा हात. मग माझ्या तोंडून थांब असं निघालं, इतक्या जोरात की खालच्या शेतातला माणूस थांबला.

तीही थांबली. जागच्या जागी, ब्रेक दाबून.

मी धावत जाऊन तिच्या सायकलचं हँडल धरलं. म्हटलं, ब्रेक बघितलेले नाहीत, रबर बदललेले नाहीत, मी खोटं बोललो, उतर तू आधी. तिने सांगितलं, काल मामाकडे बसून दोघांनी चारही ब्रेकचे रबर बदलले. त्याने बारा तारखेलाच तिला फोन करून रबर मागवून ठेवले होते. मी म्हटलं, मग बोलली का नाहीस. म्हणाली, तुम्ही सांगताय का बघत होते. दहा हात उशीर झाला, पण सांगितलंत.

मग म्हणाली, आठवीत माझ्या डायरीत रोज गृहपाठ पाहिला अशी सही लागायची. तुम्ही एक तारखेलाच महिनाभराच्या करून टाकायचात. रविवारच्यासुद्धा. बाईंनी त्या सगळ्या वर्गाला दाखवल्या होत्या.

मला हे माहीत नव्हतं. मला रडू आलं, आणि ते वाऱ्याने आलं नव्हतं.

ती सायकलवरून खाली गेली, वीस मिनिटांत. मी नव्याकोऱ्या ब्रेकची सायकल हातात धरून दोन तासांत उतरलो. तळ्याकाठी तिचा तिसरा चहा चालू होता.

१ डिसेंबर

मुलगी गेली. बॅगा टॅक्सीत ठेवताना म्हणाली, आईला पण जिन्याने जायला सांगा. मी म्हटलं, तिचे गुडघे दुखतात. तिने टॅक्सीचं दार ओढून घेतलं.

२ डिसेंबर, दुपार

आज सहज, कुणी सांगितलं म्हणून नव्हे, आमच्याच इमारतीच्या मशीनरूममध्ये गेलो. इमारतीत राहायला येऊन अकरा वर्षं झाली. लिफ्टमध्ये काचेमागे प्रमाणपत्र आहे, माझ्या सहीचं, दर सहा महिन्यांनी नवं. मशीनरूमची किल्ली शोधायला पाऊण तास गेला. कुलूप गंजलं होतं, तेल घातल्यावर उघडलं.

ब्रेकचं झाकण काढलं. लायनर, म्हणजे ब्रेकचं घासणारं अस्तर, त्याचा पापुद्रा राहिलाय. एका बाजूला तोही नाही.

मेन स्विच बंद केला. पाटी लिहिली, लिफ्ट बंद आहे, आणि खाली सही केली. तळमजल्यावर ही भाजीच्या पिशव्या घेऊन उभी होती, रोज याच लिफ्टने वर येते. पिशव्या मी घेतल्या. तिसऱ्या मजल्यावर मला बसावं लागलं. तिथे बसल्यावर आठवलं, आम्ही इथे राहायला आलो तेव्हा मुलगी आठवीत होती. तेव्हापासून ती एकदाही लिफ्टमध्ये बसलेली नाही.

पत्रक नवं घेतलं. नववा रकाना रिकामा ठेवला आहे.

माझ्या सहीच्या आणखी एकशे चाळीस लिफ्ट या घडीला चालू आहेत. गजर पाचचा लावला.