सरूच्या नावाचं पान

कुळगाव, बदलापूर
ता. १९ जून १९८९

सौ. सरू हिस,

कमळाबाईचा आशीर्वाद. ‘सौ.’ मुद्दाम लिहिलंय. आमचा भगवंत गेल्यावर तुझ्या नावापुढे हे अक्षर परत लिहावं लागेल असं वाटलं नव्हतं. पण वर्ष फिरायच्या आत तू अंबरनाथच्या नाथाशी पाट लावलास आणि ते मिळवलंस, तर लिहायला माझं काय जातं?

इकडे सगळं बरं आहे. ह्यांचा गुडघा पावसात दुखतो, मग टेम्पो चालवताना रस्त्याला शिव्या घालतात. मी अजून उल्हासनगरच्या बाजारात भाजी घेऊन बसते. तिथल्या सिंधी बायका मेथीच्या एका जुडीसाठी अर्धा तास घासाघीस करतात, पण माझ्या तोंडाला लागून जिंकलेली बाई अजून जन्माला यायची आहे.

तुझं पत्र मिळालं. आधी हसू आलं आणि मग असा राग आला की चुलीवरचं कालवण करपलं. माझ्या धाकट्या जावेला चार वर्षांनी पोर आठवलं! बुवापाड्यात खोली झाली, सासू वारली, नाथाचं मन वळलं, जवळ शाळा आहे, म्हणून पदूला न्यायला येते म्हणतेस. वा गो बाय! सगळं जुळून आलं तेव्हा पोर हवं. नव्हतं जुळलं तेव्हा काय केलंस? त्याला माझ्या ओटीवर बसवलंस, ‘बाजारात जाते, खाऊ घेऊन येते’ म्हणालीस आणि गेलीस. चार वर्षांचं पोर ते. खाऊची वाट बघत त्याने अख्खा पावसाळा त्या ओटीवर काढला. रस्त्याने कोणी बाई पिशवी घेऊन आली की उठून उभा राहायचा.

पाट लावताना चार माणसांसमोर तुला विचारलं होतं. आपल्यात पाटाची बाई पहिल्या घरचं पोर नेत नाही, पोर बापाच्या घरचं. तू मान हलवलीस. रडत होतीस, ते मी बघितलं. पण मान हलवलीस.

पदूची काळजी नको. तो मजेत आहे. तिसरीत गेला, अंगाने भरलाय. मला आईच म्हणतो. तू समोर आलीस तर ओळखणारसुद्धा नाही, मग त्याच्या डोक्याला ताप कशाला? या रविवारी येऊ नकोस, आम्ही त्याला घेऊन वांगणीला जातोय. पुढच्या रविवारी घरात पाहुणे आहेत. त्याच्या पुढे भाताची लावणी लागते. एकूण तू येऊच नकोस.

नाथाला नमस्कार सांग. सांगितला नाहीस तरी चालेल.

तुझी थोरली जाऊ,
कमळाबाई


कुळगाव
ता. ११ ऑगस्ट १९८९

सरू,

आशीर्वाद या वेळी राहू दे.

येऊ नकोस म्हटलं होतं, आलीस. आणि आलीस ती मी बाजारात असताना, चोरासारखी. शेजारच्या कौसाबाईच्या तोंडात तीळ भिजत नाही हे तुला ठाऊक होतं, म्हणून आधी तिच्याच दारात गेलीस. मग माझ्या अंगणात उभी राहून ‘माझं पोर कुठे टाकलं’ म्हणून बोंब मारलीस. आळी गोळा झाली. टाकलं हा शब्द तू कोणत्या तोंडाने उच्चारलास?

होय, पदू इथे नाही. जानेवारीपासून उल्हासनगरच्या बालगृहात आहे. तुला कळवलं नाही, कारण तू कोण? दोन वेळचं जेवण मिळतं, शाळा आहे, आजारी पडला तर डॉक्टर येतो. माझ्या घरात याहून काय सोनं पिकत होतं?

तिथे आईबाप नसलेलं पोर घेत होते. ह्यांनी सांगितलं, दोघंही वारले. तिथल्या बाईने पदूला विचारलं, तर तोही तेच म्हणाला. तुला वाटेल आम्ही पढवलं. पढवावं लागलंच नाही गो. तो खरं तेच बोलला, त्याला जे खरं ठाऊक होतं ते.

ऐकायचंच आहे ना? मग बस आणि ऐक.

सर्वपित्री अमावास्येला आम्ही भगवंताच्या नावाचं पान कौलांवर ठेवतो. गेल्या वर्षी दोन पानं ठेवली. दुसरं तुझ्या नावाचं. आदल्या दिवशी पदूला जवळ घेऊन सांगितलं की तुझी आई तापाने गेली, खाऊ घेऊन येत होती, वाटेत गेली. मग त्याच्याच हाताने पान वाढलं. वडे, अळू, आणि तुला आवडते म्हणून खीर दोन पळ्या जास्त. त्याच्याच हाताने पाणी सोडलं. ह्यांनी त्याला शिडीवर चढवलं आणि त्याने दोन्ही पानं वर ठेवली.

भगवंताच्या पानाकडे कावळा फिरकेना. का-का करून आमचे घसे सुकले. आणि तुझं पान? ठेवल्या ठेवल्या झडप! हे म्हणाले, ‘बाई भलतीच भुकेली होती,’ आणि हसले. मीही हसले. पदू शिडीवरच उभा होता. तो म्हणाला, ‘म्हणजे खरंच मेली.’ आणि खाली उतरला.

त्या दिवसापासून तो ओटीवर बसायचा बंद झाला. हे तुझ्या डोक्यात शिरतं का? तीन वर्षं जे पोर रस्त्याकडे डोळे लावून बसलं होतं ते त्या दिवशी आत येऊन जेवलं. जिवंत आईने त्याला कुजवलं होतं, मेलेल्या आईने सोडवलं.

मी हे त्याच्यासाठी केलं असं लिहिलं असतं तर तुला पटलं असतं. पण मी माझ्यासाठी केलं. मला पोटचं नाही, तुला माहीत आहे. पदूचं हगणं-मुतणं मी काढलं, गोवर निघाला तेव्हा उशाशी मी बसले, आणि झोपेत नाव तुझं. काय वाटतं ते तुला कधी कळायचं नाही. पान ठेवून झाल्यावर मी त्याला म्हटलं, आता मला आई म्हण. हात जोडायचे तेवढे बाकी होते. तो काय म्हणाला सांगू? ‘नको काकी. आई म्हटलं की मरतात.’

मग रोज एकच. मी भाकरी थापायला बसले की समोर येऊन विचारायचा, ‘काकी, तू मेलीस की तुझं पान कोण ठेवील? मी ठेवू? तुला काय आवडतं?’ अगदी मायेने विचारायचा. महिना ऐकलं, दोन महिने ऐकलं. माझ्याने भाकरी तव्यावर टाकवेना. शेवटी ह्यांना म्हटलं, याला न्या कुठेतरी, नाहीतर मीच विहीर जवळ करते.

मला आई म्हणतो, हे मागच्या पत्रात खोटं लिहिलं. लिहिताना बरं वाटलं.

आता जा बालगृहात. हक्काची आई आहेस, ताठ मानेने जा. तुला बघून त्याला कसा आनंद होतो तो डोळे भरून बघ.

कमळाबाई


कुळगाव
ता. ८ डिसेंबर १९८९

सरूस,

हे पत्र टपालात टाकत नाही. सोमवारच्या आत तुझ्या हातात पडावं म्हणून अंबरनाथला निघालेल्या कौसाबाईच्या बहिणीकडे देते.

काल तू माझ्या पाया पडलीस. बालगृहाच्या व्हरांड्यात, सगळ्यांसमोर, डोकं टेकवून. ‘माझं पोर मला मिळवून दिलंत’ म्हणालीस. मी तुझ्या डोक्यावर हात ठेवला. रात्रभर तो हात मला माझा वाटेना, म्हणून लिहायला बसले. आत काय झालं ते तुला ठाऊक नाही, आणि ठाऊक नसताना तू सुखात राहावंस एवढी मी चांगली नाही.

ऑगस्टात तू गेलीस तेव्हा तुला बघून तो किंचाळत खाटेखाली शिरला होता, हे बालगृहाच्या ऑफिसर बाईंनी मला कळवलं. पुढच्या दोन खेपांनाही तेच. त्यांनी तुझी खोली बघितली, नाथाशी बोलल्या, शाळेत विचारून आल्या. ताबा तुला द्यायचा कागद तयार झाला. पण भुताबरोबर पोर कसं पाठवायचं? म्हणून त्यांनी मला बोलावलं. म्हणाल्या, ‘कमळाबाई, मेली असं तुम्ही सांगितलंत, जिवंत आहे हेही तुम्हीच सांगा. तो फक्त तुमचं ऐकेल.’ तुला बाहेर बसवलं आणि दार लोटून घेतलं.

पदू आला. केस बारीक कापलेत, उंची वाढली आहे. हात पाठीमागे बांधून उभा राहिला, तिथे तसं शिकवतात वाटतं. मला बघून म्हणाला, ‘काकी, तू बरी आहेस ना? अजून जिवंत आहेस?’ त्याला जवळ घ्यायला हात पुढे केला, तर तो होता तिथेच राहिला.

मी म्हटलं, ‘पदू, बाहेर बसली आहे ती भूत नाही. तुझी आई आहे. ती मेली नव्हती.’

त्याने विचारलं, ‘मग कुठे होती?’

सरू, तिथे काहीही सांगता आलं असतं. आजारी होती, लांब होती, तिला कोणी येऊ देत नव्हतं. ऑफिसर बाई माझ्याकडे तेवढ्यासाठीच बघत होत्या. शब्द तोंडाशी आले होते, मी गिळले. मी म्हटलं, ‘अंबरनाथला होती. आपल्या पुढच्याच स्टेशनवर. पाट लावून दुसरं घर केलं, त्या घरात तू नको होतास. म्हणून तुला सोडून गेली.’

‘पुढच्याच स्टेशनवर?’

‘पुढच्याच.’

मला वाटलं रडेल. रडेल आणि माझ्या कुशीत येईल. त्यासाठीच बोलले, आता तुझ्यापासून काय लपवू? सोमवारी तू त्याला नेणार होतीसच, जाण्याआधी एकदा तरी तो माझा व्हावा एवढीच हाव होती. ऑफिसर बाई खुर्चीतून उठल्या आणि म्हणाल्या, ‘बाई, हे काय बोललात तुम्ही?’ पण बोलून झालं होतं.

तो रडला नाही. त्याने सदरा चड्डीत नीट खोचला. ‘मग घाबरायचं कारण नाही,’ म्हणाला, जसं मास्तराला उत्तर देतात तसं. दाराकडे गेला, थांबला, परत माझ्याजवळ आला. कानाशी तोंड नेऊन काही बोलला. मग बाहेर जाऊन तुझ्या शेजारी उभा राहिला, न किंचाळता, न थरथरता. तुला वाटलं काकीने काय जादू केली! तू त्याचे मुके घेतलेस, तो उभा राहिला. घेऊ दिलेस. मग तू माझ्या पायावर डोकं ठेवलंस.

कानात काय बोलला ते ऑफिसर बाईंनाही ऐकू गेलं नाही. त्यांनी विचारलं, मी ‘काही नाही’ म्हटलं. तुला सांगावं की नाही, याच्यावर दोन चिमण्या तेल जळालं. पण निरोप तुझ्यासाठीच होता, आणि त्याने माझ्याकडे आजवर दुसरं काही मागितलेलं नाही. तो म्हणाला,

‘काकी, तिला सांग ना, पदू मेला म्हणून.’

सोमवारी सकाळी वेळेवर जा. तो कपडे भरून तयार असेल.

कमळाबाई