प्रश्न जसा छापलाय तसाच

मॅडम, काल एक विद्यार्थिनी आपल्या प्रश्नावलीची परवानगी मागायला आली होती. मनगटात नस दाबली गेल्याने ज्यांच्या हाताला मुंग्या येतात, बोटं सुन्न पडतात, अशा पेशंटना विचारायची आपली मराठी प्रश्नावली. तिला ती तिच्या प्रबंधात वापरायची आहे. मी हो म्हटलं, सही केली आणि ती गेल्यावर लक्षात आलं, की परवानगी मागायला खरं तर ती तुमच्याकडे जायला हवी होती. तुम्हाला जाऊन आता बरीच वर्षं झाली. पनवेलच्या त्याच हॉस्पिटलात, फिजिओथेरपीच्या त्याच खोलीत, तुमच्या टेबलापाशी मी बसते. खुर्ची मात्र मोडली म्हणून बदलली.

तुम्ही प्रबंधाला हा विषय दिलात तेव्हा मला तो आवडला नव्हता. वर्गातल्या बाकीच्यांना यंत्रं मिळाली, व्यायामप्रकार मिळाले, आणि मला भाषांतर. मी तसं तोंडावर म्हटलंही. तुम्ही चष्मा न काढता म्हणालात, "इंग्रजी प्रश्नावली समोर ठेवून आपण प्रत्येक जण आपापल्या मराठीत विचारतो. सकाळी तू विचारणार, दुपारी मी. मग उत्तरांवर पडणारे गुण पेशंटचे की आपले?" मी कामाला लागले. दोन जणांनी वेगवेगळं भाषांतर केलं, आपण त्यांचा एक मसुदा केला, मूळ इंग्रजी न पाहिलेल्या तिसऱ्याने तो उलटा इंग्रजीत नेला. टेलिफोनचा रिसीव्हर धरताना त्रास होतो का, या प्रश्नापाशी भाषांतराची सगळी कमिटी हसली होती, कारण तोवर शेजारच्या करंजाड्यात प्लॉट विकलेल्या प्रत्येक घरात दोन-दोन मोबाईल आले होते. आपण 'फोन धरताना' एवढंच ठेवलं. तुम्ही पुण्याच्या. तुमचं मराठी इस्त्री केल्यासारखं. मी इथल्या आगरी घरातली, कॉलेजात पाय ठेवल्यापासून घरचं बोलणं घरी ठेवून येणारी. शब्दांचे वाद झाले की मी तुमचाच शब्द लिहून घ्यायचे.

मग पेशंटवर चाचणी सुरू झाली. उरणहून एक कोळीण आली होती, पन्नाशीची. बाजारात बसून मासे कापून विकायची. उजव्या हाताची बोटं सुन्न, हातातून कोयता सुटायचा. मानेचं दुखणं म्हणून तिच्यावर बरीच वर्षं उपचार झाले होते. मी पहिला विभाग वाचला आणि विचारलं, "तुमच्या हातात बधिरपणा जाणवतो का?" तिने हात माझ्यापुढे केला. "बधिर? मी बहिरी नाय गो. मना समदं आयकाला येतं. हातचं इचार." मला हसू आलं, आणि नकळत मी घरच्या बोलण्यावर आले. प्रश्न तिला फोड करून सांगितला, हात मेल्यासारखा होतो का, पाण्यात गार-गरम कळतं का, असं काहीबाही. तिचा चेहरा खुलला. तिने धडाधड उत्तरं दिली. त्या दिवशीच्या पुढच्या सगळ्या बायकांनाही मी तसंच विचारलं. काम झरझर झालं. आपण काहीतरी छान केलं असं मला वाटत होतं.

तुम्ही पडद्यापलीकडे कोणाचा तरी खांदा हलवून देत होतात. सगळं ऐकलंत. पेशंट गेल्यावर मला बोलावलंत आणि दिवसभराचे कागद हातात घेऊन म्हणालात, "हे सगळे रद्द."

"मॅडम, पण त्यांना आता नीट समजलं होतं."

"तू समजावलंस म्हणून समजलं. उद्या नेऱ्याला, अलिबागला, जालन्याला हा कागद जाईल तेव्हा तू बरोबर जाणार आहेस का? प्रश्न जसा छापलाय तसाच वाचायचा. नाही कळला तर तो प्रश्न वाईट आहे, तसं लिहायचं. बाईला मदत करू नकोस, प्रश्नाला कर."

मी रडले नाही, पण तो संपूर्ण आठवडा तुमच्याशी कामापुरतंच बोलले. मुदत जवळ येत होती आणि हातातले पेशंट गेले होते. तुम्ही मात्र त्याच आठवड्यात मला घरी बोलावलंत, मसुदा घेऊन. तुमच्या स्वयंपाकघरात ओट्याला लागून एक छोटं टेबल होतं, त्यावर कागद पसरले. तुम्ही थालीपीठ लावता लावता मला विचारत होतात, "तुमच्याकडे काय म्हणतात? घरी आई काय म्हणते?" मी चाचरत सांगितलं. तुम्ही पिठाचा हात धुऊन प्रत्येक शब्द लिहून घेतलात. शेवटी 'बधिरपणा' गेला आणि त्या जागी 'बोटांना हात लावलेलं न कळणे' आलं. लांबलचक, बेंगरूळ. तुम्हालाही ते बेंगरूळ वाटलं, तुम्ही तसं म्हणालात आणि ठेवलंत. थालीपीठ करपलं होतं, ते तुम्ही स्वतःच्या ताटात घेतलंत.

नवा कागद तयार झाल्यावर ती कोळीण पुन्हा आली. या वेळी मी एक शब्दही जास्तीचा बोलले नाही. ती अडखळली नाही. आता आठवड्याने तीच उत्तरं पुन्हा घ्यायची होती. माणसाची अवस्था तीच असेल तर उत्तरंही तीच यायला हवीत, त्यावरून प्रश्नावलीवर विसंबता येतं का ते कळतं. त्यासाठी मधल्या आठवड्यात उपचार सुरू करायचे नव्हते. मी तिला पुढची तारीख देत होते, तेवढ्यात तुम्ही येऊन तिचा हात उलटा करून पाहिलात. अंगठ्याखालचा उंचवटा बसला होता. तिथे खळगा पडला होता. तुम्ही तिला अंगठा वर उचलायला लावलात, वरून एका बोटाने दाबलात, आणि तो लगेच खाली गेला.

"हिला यातून काढ," तुम्ही म्हणालात. "आजच सर्जनकडे पाठव."

"मॅडम, एकच आठवडा. इतकी वर्षं थांबलीच आहे की ती."

"इतकी वर्षं तिला कोणी मुद्दाम थांबवलं नव्हतं. आता आपण थांबवतोय."

मी तिचं नाव खोडलं. ऑपरेशन लहानसं होतं, मनगटाला भूल देऊन केलेलं. काही आठवड्यांनी ती तपासणीला आली तेव्हा मुंग्या गेल्या होत्या, रात्रीची झोप लागत होती. अंगठ्याचा जोर मात्र फारसा आला नव्हता आणि येईल असंही सर्जन सांगत नव्हते. कोयता आता तिची सून चालवत होती, ती स्वतः शेजारी बसून भाव करायची. हे तिने निर्विकारपणे सांगितलं. तिचा राग वेगळ्याच गोष्टीवर होता. "मना का काढला?" तिने तुम्हाला विचारलं. "मी येनार होते ना पुन्यांदा. माजं चुकलं काय उत्तर?"

तुम्ही तिच्यासमोर स्टूल ओढून बसलात. तुमच्या त्या कडक मराठीत, अगदी सावकाश, तुम्ही तिला सांगितलंत की उत्तर चुकलं नव्हतं, हाताला घाई होती. तिला ते पटलं नाही. "मंग आता इचारा," ती म्हणाली. तुम्ही माझ्याकडे पाहिलंत. मी तुमचा चेहरा बदलताना फार कमी वेळा पाहिला आहे, त्यातली ही एक वेळ. ऑपरेशनआधीची तिची उत्तरं आपल्याकडे होती. आताची घेतली तर हात सुधारल्यावर प्रश्नावलीचे गुण सुधारतात का, हे तपासता येणार होतं, आणि ते आपल्या आराखड्यात नव्हतंच. तुम्ही तिला परत पाठवलंत, नैतिकता समितीची परवानगी रीतसर घेतलीत, मग तिला बोलावलंत आणि तिच्यासारख्या ऑपरेशन झालेल्या बाकीच्यांनाही. प्रबंधातलं शेवटचं प्रकरण त्यातून उभं राहिलं. परीक्षकांनी सर्वांत जास्त प्रश्न त्याच्यावर विचारले आणि मी पास झाले.

ऑपरेशननंतरची उत्तरं द्यायला आली त्या दिवशी ती सुक्या बोंबलाचा पुडा घेऊन आली होती, खास तुमच्यासाठी. तुम्ही जन्मात मासळी खाल्ली नव्हती. तुम्ही तो दोन्ही हातांनी घेतलात, लोखंडी कपाटात ठेवलात, आणि वासाने संध्याकाळपर्यंत विभागात कोणाला बसवेना. जाताना पुडा मला दिलात. दुसऱ्या दिवशी विचारलंत, "कसे होते?" मी चांगले म्हटलं. "चांगले म्हणजे काय? ती विचारणार. नीट सांग." मग मी खारटपणापासून चटणीपर्यंत सगळं सांगितलं आणि तुम्ही ते लक्ष देऊन ऐकलंत. पुढच्या वेळी तुम्ही तिला ते जसंच्या तसं सांगितलंत, फक्त खाल्ले कोणी ते सांगितलं नाहीत. ती खूष झाली होती.

तुम्ही वारलात पुण्यात, सुट्टीत, अचानक. मला फोन आला तेव्हा ओपीडी चालू होती. मी उरलेले पेशंट पाहिले, डबा खाल्ला, संध्याकाळी घरी गेले. लोकांना वाटलं मला धक्का बसला आहे. तसं काही नव्हतं. मी तुमच्यावर माया करणारी विद्यार्थिनी नव्हते, आणि तुम्हीही तशी अपेक्षा कधी दाखवली नाहीत. आपल्यात काम होतं. ते काम चांगलं झालं.

हे पत्र टाकायला पत्ता नाही, आणि असता तरी मी ते पाठवलं नसतं. एक मात्र लिहून ठेवते. तुम्ही गेल्याचं कळलं तेव्हा माझ्या मनात पहिली गोष्ट आली ती ही, की आता माझं लिहिलेलं कोणी तपासणार नाही. मला सुटल्यासारखं वाटलं. ते सुटणं घरी पोचेपर्यंतही टिकलं नाही.