कापलेले पाय

बाबा, तुमच्या मधपेटीच्या स्टँडचे पाय मी कापले. हो, तेच सागाचे, तुम्ही माझ्या छातीइतके उंच केलेले. आता पेटी माझ्या मांडीपाशी येते. आणि आज सकाळी स्टुलावर न चढता, कोणालाही हाक न मारता, मी एकटीने मध काढलाय!

तुम्ही गेल्यावर मागच्या अंगणात ती एकच पेटी उरली. तुम्ही ताडमाड, कुंभवलीच्या कारखान्यातून आलात की उभ्या उभ्या झाकण उचलायचात. मी मात्र स्टुलावर टाचा उचलून डुगडुगत. एकदा मधाने भरलेला वरचा कप्पा हातातून सुटता सुटता राहिला आणि माशांनी माझ्या तोंडाचा भोपळा केला. काका कुंपणापलीकडून म्हणाले, "पोरी, तुझ्याच्यानं नाय व्हायचं. देऊन टाक पेटी कोनाला तरी." असा राग आला म्हणून सांगू! तुमची पेटी, आणि देऊन टाकू?

दुसऱ्या दिवशी ओट्याशी भाकऱ्या थापताना, हाच ओटा बांधून घेतानाचे तुम्ही एकदम दिसलात. आई ठेंगणी, म्हणून तुम्ही तिला भिंतीशी उभं करून कोपराखाली खूण करताय. गवंडी म्हणतोय, सगळीकडे ओटा याहून उंच असतो. तुम्ही तडकता, "असंल सगळीकडे. इथे राबनार कोन हाय?" बस्स, मी उठले. पाण्याने भरलेलं घमेलं दोन्ही हातांनी धरून अंगणात उभी राहिले, हात जिथे भरून येईनात तिथे खूण केली, आणि करवत आणली.

"खाली आनलीस, आता मुंग्या लागतील, बेडूक माशा गिळतील," काका म्हणाले. पण बेडकाची उडी पोचणार नाही एवढी उंची मी राखली होती. पायांखाली पाण्याच्या वाट्या तुमच्याच, भोवतीचं गवत मी काढलं. तरी पावसाळाभर धाकधूक होती, माशा पेटी सोडून गेल्या तर? रोज चहाच्या आधी जाऊन बघायचे. नाही गेल्या, बाबा! आज काकांनी बोट चाटलं आणि म्हणाले, "ऱ्हायल्या की गं!" मी दिवसभर हवेत आहे.

हा कागद पेटीत ठेवला तर माशा कुरतडतील, म्हणून पिठाच्या डब्यामागे ठेवतेय. एक सांगायचं राहिलं. पेटी एवढी खाली आली, तरी झाकणाला हात लावला की माझ्या टाचा आपोआप उचलल्या जातात. आजही उचलल्या.