अंगठ्याचा प्रतिसाद

हिंगोली,
३ फेब्रुवारी २०२५

तीर्थरूप बाबांस,
केतकीचा शि. सा. न. वि. वि.

फोनवर बोलायला गेलं की आपल्या घरात भांडणच होतं, म्हणून लिहिते आहे. आईला सांगा, अकरा-अकरा वेळा फोन करू नये. मी धडधाकट आहे, फक्त रागावलेली आहे.

आज पहिल्या वर्षाच्या मुलांना संज्ञापनाचा पहिला धडा शिकवला. फळ्यावर चौकटी काढल्या: सांगणारा, निरोप, माध्यम, ऐकणारा, आणि उलटा बाण काढून प्रतिसाद. माध्यम चुकलं की निरोप बिघडतो, याचं उदाहरण विचारलं. कहकशा नावाची मुलगी उठून म्हणाली की मामूनं लग्नाचं बोलावणं फोनवरच केलं, म्हणून खाला (म्हणजे मावशी) आलीच न्हाई, अन् तीन वर्षं झाली, अजून बोलत न्हाई. वर्ग खो खो हसला. मला काही हसू आलं नाही.

कारण सकाळीच तुमच्या चिरंजीवांनी लेकीच्या बारशाचं बोलावणं मला धाडलं होतं. कुठे, तर चौसष्ट माणसांच्या ग्रुपवर! वर सुप्रभातची गुलाबं, खाली हळदीचा भाव, मध्ये फुग्यांचं कार्ड. बाबा, स्वानंदच्या लग्नात तुम्ही भिकाबाईच्या झोपडीपर्यंत अक्षत घेऊन चालत गेला होतात. आणि बाळाच्या सख्ख्या आत्याला, तिच्या सासरी येऊन कुंकू लावून बोलावणं नाही? सासूबाई दोनदा विचारून चुकल्या की माहेरचं कोणी येणार आहे का. मी ग्रुप सोडला आहे. बारशालाही येणार नाही.

आईच्या गुडघ्यांना तेल लावत जा. माया आहे तशीच राहू द्या.

आपली,
केतकी


गोरेगाव,
८ फेब्रुवारी २०२५

चि. केतकीस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझं पत्र काल पोचलं. हिंगोलीहून जीप तासाभरात येते आणि तुझा राग चार दिवसांनी, तरी गरमच होता.

तुम्हा दोघांपुढे मी हात टेकले आहेत. स्वानंद म्हणतो, निळ्या खुणा दिसल्या म्हणजे ताईला पोचलं, आता अजून काय करून राहू? ज्याच्या दुकानात अख्खं गोरेगाव मोबाइल दुरुस्त करून घेतं, त्याला एवढं कळू नये. तहसिलात तीस वर्षं मी आवक नोंदवहीत शिक्के मारले. शिक्का बसला म्हणजे साहेबांनी कागद वाचला, असं एकदाही झालं नाही. तसं त्याला सांगितलं, तर म्हणतो तुमचा जमाना वेगळा. त्याने तुला तीनदा फोन केला, तू तीनदा कापलास. तेव्हा शहाणी तूही नाहीस. ते कार्ड तरी नीट उघडून पाहिलंस का? माझा फोन बटणांचा, मला काही दिसत नाही.

पोर सव्वा महिन्याची होत आली. तुझी आई तिला चिमे म्हणते, बाप मॅडम म्हणतो, शेजारणी नाव विचारतात आणि तुझ्या मातोश्री अनुसूयाबाई तोंड लपवतात. मी घरात बजावलं आहे: आत्याने कानात सांगितल्याशिवाय नाव कोणाच्याही तोंडी येणार नाही. तेवीस तारखेला तू नसलीस तर पाळणा बांधायचा नाही. मग पोरगी बिननावाची शाळेत जाऊ दे.

रागातही आमची आठवण ठेवावी.

तुझा,
व्यंकटराव


हिंगोली,
१२ फेब्रुवारी २०२५

तीर्थरूप बाबांस,
शि. सा. न. वि. वि.

पोस्टाच्या भरवशावर न राहता हे पत्र जीपवाल्या धर्मसिंगच्या हाती देते आहे.

कार्ड उघडलं नाही. उघडून काय बघायचं? नाव ठरवून छापलं असणार. मला विचारलं गेलं नाही, हे त्या फुग्यांवरूनच कळलं.

आता खरं सांगते, कारण तुम्हाला माहीत नाही. दिवाळीनंतर मी स्वानंदला बोलून निरोप पाठवला होता, सात मिनिटांचा. मुलगी झाली तर काय नाव ठेवावं आणि का, ते सांगितलं होतं. बोलायला मला दोन आठवडे लागले होते. त्यावर उत्तर काय आलं? अंगठा! एक पिवळा अंगठा. मी मुलांना शिकवते की प्रतिसादावरून कळतं निरोप पोचला की नाही. बाबा, अंगठ्यावरून काय कळतं हो?

पाळणा बांधा, माझ्यासाठी अडवू नका. तिचा काय दोष?

आईला नमस्कार. लोभ वाढता नसला तरी कमी करू नये.

आपली,
केतकी


हिंगोली,
१८ फेब्रुवारी २०२५

ती. ताईस,
स्वानंदचा सा. न. वि. वि. (एवढं बाबांनी सांगितलं. पुढचं माझं.)

शाळेतल्या पेपरानंतर हे माझं पहिलंच पत्र, तर चुका मोजू नकोस. बाबांनी तुझं पत्र माझ्यापुढे आपटलं आणि बाहेर गेले.

ताई, तो निरोप मी तेव्हा पूर्ण ऐकला नव्हता. दुकानात गिऱ्हाईक होतं. दोन मिनिटं ऐकलं, आईच्या गुडघ्यांचं चाललं होतं, मला वाटलं खुशालीच आहे, अंगठा दाबला आणि विसरलो. शिकून सवरून मी अंगठेबहाद्दरच राहिलो. परवा दुपारी पोरीला मांडीवर घेऊन सगळा ऐकला. ती भोकाड पसरून रडत होती. सहाव्या मिनिटाला तू म्हणालीस की हे नाव तू स्वतःच्या मुलीसाठी राखून ठेवलं होतंस, डॉक्टरांनी आता आशा नाही असं सांगितलं, म्हणून आमच्या मुलीला देते आहेस. तेवढं मी पुन्हा लावून ऐकलं.  तोवर पोरगी तुझा आवाज ऐकता ऐकता गप झाली होती.

मला शिव्या दे. पण कार्ड उघड. नावाच्या जागी मी काय लिहिलंय ते बघ.

आज तुझ्या घरी जाऊन तुझ्या सासूबाईंपुढे कुंकवाची पुडी आणि नारळ ठेवला, रीतसर बोलावलं, चहा घेतला. मग कॉलेजात आलो. तू वर्गात ओरडत होतीस की समोरच्याचं पूर्ण ऐकल्याशिवाय उत्तर देऊ नका. मी दारातूनच मागे फिरलो आणि हे पत्र शिपायाकडे ठेवून जातोय.

माफ कर आणि ये.

तुझा,
स्वानंद


हिंगोली,
१९ फेब्रुवारी २०२५

चि. स्वानंदास,
अनेक आशीर्वाद, आणि एक रट्टा, तो आल्यावर.

कार्ड उघडलं. नावाच्या जागी लिहिलं आहेस, आत्या सांगेल. सोळा दिवस ते माझ्या फोनमध्ये पडून होतं. पूर्ण ऐकल्याशिवाय उत्तर देऊ नका असं वर्गात मी ओरडत होते, आणि स्वतः मी ग्रुप सोडून बसले होते. उद्या वर्गातल्या कहकशाला सांगणार आहे की खालाला एकदा जाऊन भेट.

शनिवारी दुपारच्या जीपने येते. आईला म्हणावं, पाळण्याची दोरी मी बांधीन, घुगऱ्या तू भिजव. नाव पत्रात लिहीत नाही, ते बारशालाच.

खरं तर ते तिच्या कानात आधीच गेलं आहे, माझ्याच आवाजात, तुझ्या मांडीवर. आणि ती रडायची थांबली म्हणतोस. स्वानंद, तीन महिने मी ज्या उत्तराची वाट पाहत होते, ते हेच.

तुम्हा सगळ्यांची माया अशीच असू दे.

तुझ्या लेकीची आत्या,
केतकी